दीडशेतला एक

जरा जवळ सरक गं पोरी. कागदावरून जवळ कसं सरकायचं ते मलाही ठाऊक नाही, पण सरक. आणि आधी माझी बोलणी खा. "मावशीला सांगू नको" असं तू तुझ्या आईला बजावलंस म्हणे. अगं, माझ्या बहिणीच्या पोटात लहानपणापासून कधी काही राहिलेलं नाही. मी शाळेत पाटी फोडली तर मी घरी पोचायच्या आधी वडिलांना कळलेलं असायचं. तिनं त्याच दिवशी मला फोन केला. तुझ्या रक्ताचा रिपोर्ट बरा आला नाही, डॉक्टरांनी बाळाभोवतीचं पोटातलं पाणी तपासायला सांगितलंय, आणि तू धड जेवत नाहीस, कुणाशी बोलत नाहीस. आणि मी फोन केला तर तू काय म्हणालीस? "सगळं मस्त आहे मावशी, नंतर बोलू." मस्त म्हणे!

पण तुझ्यावर फार वेळ रागावता येत नाही मला. हेच सगळं मी माझ्या घरात बघितलंय. फोनवर मी बोलायला लागले की तू नुसतं "हं, हं" करतेस, म्हणून लिहून काढते. मी चौथी शिकलेली बाई, पुढचं सगळं पेपर वाचून वाचून शिकले. तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस, मजकूर बघ. सुनेला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "सगळं लिहा, माझं भांडणसुद्धा लिहा."

तुला माहीत आहे, माझ्या सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नात नऊ वर्षांची होती आणि सुनेनं पस्तिशी ओलांडली होती. मधे पुष्कळ वाट बघून दोघांनी तो विषय सोडून दिला होता. त्यामुळं घरात आनंद असा, की दृष्ट लागेल म्हणून कुणी मोठ्यानं बोलेना. फाल्गुनात नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त घेतलं. डबल मार्कर म्हणतात ते, तुला काय सांगायचं. मग फोन आला, की दोघांनी येऊन जा. दोघांना बोलावलं होतं, तिघं गेलो. घरात बसून वाट बघणं मला जमत नाही.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आमच्याकडं बघून बोलल्या. म्हणाल्या, "ही नुसती चाळणी आहे. चाळणीत अडकलं ते सगळं खडाच असतं असं नाही. पण अडकलंय, तर बघावं लागतं." बाळाला डाऊन सिंड्रोम असायची शक्यता दीडशेत एक, असं त्यात आलं होतं. नक्की कळायचं तर पुण्याला जाऊन पोटात सुई घालून पाणी काढायचं, ते तपासायचं. त्या सुईनं बाळ जायची भीती अगदी थोडी, पण नाहीच असं नाही, तेही त्यांनी सांगितलं. करायचं की नाही ते तुम्ही ठरवा म्हणाल्या.

येताना गाडीत मुलगा तिची समजूत घालायला लागला. "अगं, म्हणजे एकशे एकोणपन्नास चांगलेच निघतात की."

सून खिडकीतून बाहेर बघत होती. ती हायस्कूलला गणित शिकवते, तुला ठाऊकच आहे. "मला नका शिकवू. दहावीच्या पोरांना मीच शिकवते हे."

"मग तुला तर कळतंयच."

"फळ्यावर कळतं," ती म्हणाली.

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "देव करील ते बऱ्यासाठीच करील गं."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. "मग आत्या, देवाला विचारून रिपोर्ट आजच सांगा ना. पुण्याचा हेलपाटा वाचेल."



त्या आठवड्यातली एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नवीन तूर भरडून आणली होती आणि सून डाळ निवडायला बसली होती. बराच वेळ झाला तरी ताट तेवढंच. जाऊन बघते तर डाळ एका बाजूला लोटलेली आणि समोर एक छोटा ढीग. त्याच्यापासून लांब एकच दाणा ठेवलेला.

"काय चाललंय?"

"दीडशे मोजले," ती म्हणाली. "बघा ना आत्या, किती थोडे होतात. मला वाटलं होतं ताट भरेल. ओंजळसुद्धा भरत नाही."

खरंच मूठभर होते. दीडशे म्हटलं की मोठं वाटतं, लग्नाच्या पंगतीएवढं. आणि हे एवढंसं. मी तो ढीग उचलला, तो वेगळा दाणाही उचलला, सगळी डाळ धुतली आणि कुकर लावला. दुसरं काही सुचलं नाही.

त्यानंतर तिनं पोटाशी अबोला धरला. आता तू म्हणशील, मावशीचं काहीतरीच. पण मी बघत होते ना. आधी ती बसता-उठता पोटावर हात ठेवायची, ते बंद झालं. नात कान लावायला आली की "जा, अभ्यास कर" म्हणायची. कुणी विचारलं काय खावंसं वाटतं, तर काही नाही. डोहाळेच आटले. एरवी चिंच लपवून खाणारी बाई, ताटात वाढलेलं मुकाट्यानं खाऊन उठायची. शाळेत जायची, पेपर तपासायची, सगळं करायची. पण पोटातलं लेकरू जणू कुणाचं तरी ठेवायला दिलंय आणि ते परत मागायला येतील, अशी वागायची. माया लावून ठेवायची नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. तुझं तेच चाललंय ना? म्हणून विचारते.

पुण्याला जायच्या आधी तिनं मला विचारलं, "आत्या, तुम्ही असं मूल बघितलंय का कुठं?"

मी बघितलं होतं. माझ्या मामाचा धाकटा मुलगा. तुझ्या आईला विचार, तिलाही आठवेल. तेव्हा त्याला काही नाव नव्हतं. गावाची तब्येत बरी असली की 'देवमाणूस' म्हणायचे, नसली की 'येडं'. बारीक डोळे, आखूड बोटं. गावातल्या प्रत्येक लग्नात तो पाणी वाढायचा. पंगतीत कुणाचा पेला रिकामा त्याला बघवायचा नाही. हात आडवा धरला तरी ओतायचा, पत्रावळीत पाणी व्हायचं, माणसं शिव्या द्यायची आणि तो हसायचा. मामीवर त्याचा जीव म्हणजे काय सांगू! पण त्याला सदऱ्याची बटणं शेवटपर्यंत लावता आली नाहीत. दर थंडीत छातीनं आजारी पडायचा. मामी कधी चार दिवस माहेरी राहिली नाही. येईल त्याला म्हणायची, "माज्यामागं ह्याचं कोन करील? देवा, माज्याआधी ह्याला ने." आणि तो तिशीच्या आतच गेला. नंतर मामी मला म्हणाली, "देवानं माजं ऐकलं, आन आता मलाच ते सोसंना."

हे सगळं मी सुनेला जसंच्या तसं सांगितलं. हसणंही सांगितलं, बटणंही सांगितली. तिला काय हवं ते उचलता यावं म्हणून काही झाकलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तसं निघालं, तर तुम्ही काय कराल?"

बघ, माझ्या जिभेवर मोठं मोठं आलं होतं. "मी आहे ना, तू कशाला घाबरतेस," असं. पण माझे गुडघे मलाच उचलत नाहीत. मी म्हटलं, "देवानं दिली तर अजून दहा वर्षं मी अंघोळ घालीन, बटणं लावीन. त्याच्यापुढचं मी खोटं कबूल करणार नाही. आणि ठेवायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. जे ठरवाल त्याच्यावर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही."

अंघोळीचं-बटणांचं मी पाळलं असतं. दुसऱ्यांना बोलू न देण्याचं पाळायला गेले आणि घोळ करून बसले. तोच सांगते.

चैत्रात दोनदा पुण्याला जावं लागलं. आधी नुसतं बोलायला, मग सुईला. दवाखान्यात शिरल्या शिरल्या मोठी पाटी, इथं मुलगा-मुलगी सांगितली जात नाही. कागदावर तशीच सही घेतली. सुई बघून मुलालाच घेरी आली, तो बाहेर बाकावर जाऊन बसला आणि सुनेनं माझा हात धरला. तुला ती भीती असेल तर सांगते, दुखतं पण इंजेक्शनएवढंच दुखतं, असं ती म्हणते. लांबतं ते वाट बघणं. त्या पाण्यात पेशी वाढवून मग बघतात, त्याला वेळ लागतो.

आता आमचं गाव. पाऊस बेताचा, माणसं बोलायला मात्र भरपूर. सुनेला दिवस गेलेत हे सगळ्यांना कळलं होतं. पहिली मुलगी आहे हे माहीत होतं. गाडी पुण्याला दोनदा गेली हे दिसलं होतं. आणि पोटातलं पाणी तपासलं एवढं कुठूनतरी फुटलं होतं. झालं. आपल्या भागात एवढ्यावर माणसं काय हिशेब मांडतात ते तुला वेगळं सांगायला नको. आमच्यासारख्यांनीच वर्षानुवर्षं तसं केलं, म्हणून तर त्या पाट्या लागल्या. पण मला मात्र तेव्हा ते सुचलंच नाही. मला वाटायचं, बायका काळजीनं बघताहेत.

कुरडयांचा दिवस होता. गहू भिजवून, वाटून, चीक काढून ठेवला होता. पहाटे तो शिजवला आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका स्लॅबवर जमल्या. चीक गरम आहे तोवर भरभर घालाव्या लागतात, म्हणून एकीच्या घरचं काम सगळ्या मिळून करतो. सून सुट्टी काढून सोऱ्या फिरवायला बसली होती. समोरच्या घरातली माझी चुलत जाऊ, तोंडाची फटकळ, साडीवर कुरडयांची ओळ धरत धरत म्हणाली, "काय गं सूनबाई, पुन्याच्या दोन खेपा झाल्या म्हनं. मग काय म्हनला डाक्टर? पेढा का बर्फी?"

आमच्याकडं मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी. दोघी-तिघी हसल्या. दुसरी एक म्हणाली, "बर्फी तर एक हायच की घरात. आता पुन्ना बर्फीच म्हनल्यावर..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. तिसरीनं खालच्या आवाजात जोडलं, "कायदा लई कडक हाय बरं का बायांनो. मागनं निस्तरायला नगं."

सुनेनं सोऱ्या खाली ठेवला, बादलीत हात धुतले आणि जिना उतरून गेली.

माझा तोल गेला. म्हटलं, "जरा तरी लाज वाटू द्या. पोर मुलगा-मुलगी बघायला गेली न्हाई. लेकरू धड हाय का न्हाई ते बघायला गेली. रक्तात काईतरी निघालंय. महिना झाला, तिच्या पोटात घास जाईना. आन तुमी पेढं मागताय!"

कुणी वर बघेना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "चीक आळायला लागला." आणि सगळ्यांचे हात परत चालू झाले. त्या दिवशीच्या कुरडया वेड्यावाकड्या झाल्या, तळल्यावर तुटायच्या.

मला वाटलं, मी सुनेची बाजू घेतली. संध्याकाळी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आत्या, कशाला सांगितलंत?"

"अगं, त्या काय बोलत होत्या ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. बोलू द्यायचं होतं."

"पोरीचा जीव घेणारी समजल्या असत्या तुला. ते चाललं असतं?"

"हो," ती लगेच म्हणाली. "ते खोटं होतं. खोट्याचं मला काही वाटत नाही. हे खरं आहे. ते अजून माझ्यासुद्धा तोंडून नीट निघालं नव्हतं, आणि तुम्ही स्लॅबवर वाटून टाकलंत. आता उद्यापासून सगळ्या माझ्याकडं कीव करून बघणार."

मला तर वाटत होतं, खरं सांगितलं की माणूस सुटतं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता. त्यानंतर कामापुरतं बोलणं राहिलं. चहा झालाय, कपडे वाळलेत, एवढंच. मी स्लॅबवर कुरडया उलटत बसायची, तिच्या नजरेसमोर नको म्हणून.

आणि एका दुपारी माझी ती चुलत जाऊ मागच्या दारानं आली. माझ्याशी बोलली नाही, माफी वगैरे तर नाहीच. "कुठं हाय ती?" एवढं विचारलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. मी वर होते. आधी वाटलं जावं खाली, भांडण झालं तर मधे पडावं. पण दुधानं तोंड पोळलं होतं, ताक फुंकून प्यायचं ठरवलं. ऊन स्लॅबवरून पार कठड्याला गेलं तरी ती बाहेर येईना. कधी तिचा आवाज यायचा, कधी सुनेचा, कधी कुणाचाच नाही. निघाली तेव्हा मी चहाचं विचारलं. "नगं, लई उशीर झाला," म्हणाली. डोळे लाल होते. फटकळ बाईचे लाल डोळे मी त्याआधी फक्त तिच्या सासऱ्याच्या मयताला बघितले होते.

आत काय बोलणं झालं ते मला आजतागायत माहीत नाही. तिच्या तरुणपणी तिचं एक बाळंतपण माहेरी झालं होतं आणि ती रिकाम्या हातानं परत आली होती, एवढंच मला ठाऊक. तेव्हा कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आता सुनेला सांगितलं असेल किंवा नसेलही. मी विचारलं नाही. ते त्या दोघींचं.

दिवे लागायच्या सुमाराला सून स्वयंपाकघरात आली. उभ्या उभ्या म्हणाली, "आत्या, कैरी आहे का घरात? तिखट-मीठ लावून हवीय."

मी कैरी चिरायला घेतली. घाईत बोटच कापून घ्यायची वेळ आली. एवढ्या दिवसांत तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. आणि लक्षात घे, रिपोर्ट अजून आला नव्हता. काहीच कळलेलं नव्हतं. फोडी खाता खाता तिचा एक हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला. नातीनं एक फोड पळवली तर म्हणाली, "ए, ती बाळाची आहे."

ती परत माझ्याशी बोलायला लागली, पण स्लॅबवरचं ती विसरली असं मी म्हणणार नाही. अजून कधी कधी मी कुणाशी बोलायला लागले की ती लांबून माझ्याकडं बघते, आणि मी आटोपतं घेते.

रिपोर्ट आला तो चांगला आला. मुलानं वाचला, तिनं परत वाचायला लावला, मग स्वतः वाचला. मला वाटलं आता उड्या मारील. ती रडली. म्हणाली, "आत्या, आज कुणाला तरी दुसरा रिपोर्ट आला असेल ना?" त्या दीडशेतला एक कुणाच्या तरी घरात होताच की. तिला तो विसरता येईना, आणि खरं सांगू, त्या दिवशी ती मला जेवढी आवडली तेवढी कधीच आवडली नव्हती.

गणपती उठल्यावर ती बाळंत झाली. मुलगा झाला. आता बोल! गावाला काय वाटलं असेल? अजूनही चार जणी खात्रीनं सांगतात, की ह्यांनी पुण्याहून बघूनच ठेवला. मुलगी झाली असती तर तोंडं बंद झाली असती असं मला तेव्हा कितीदा वाटलं. पण लेकराचा काय दोष? कुणी तसं बोललं की ती फटकळ जाऊच अंगावर जाते. "मला ठाव हाय काय तपासलं ते. तू व्हतीस का संगं?" म्हणते. एरवी तिच्या तोंडाला मी भिते, पण ह्या बाबतीत ते तोंड सगळ्या गावाला पुरून उरतं.

तर पोरी, माझ्या घरात बरं निघालं म्हणून तुझ्याकडंही बरंच निघेल, असं लिहायला माझा हात धजत नाही. मामीच्या घरात नव्हतं निघालं. निघेल ते निघेल. सुई करायची की नाही, पुढं काय करायचं, ते तू आणि जावईबापू डॉक्टरांना सगळं विचारून ठरवा. विचारायला लाजू नकोस, एकच गोष्ट चारदा विचार. मी ठरवणारी कोण? पण तू एकटी कोंडून घेऊन बसलीस ते मला बघवत नाही. मधले दिवस असतात ना, ज्यांत काहीच कळलेलं नसतं, ते फार वाईट. चांगलं किंवा वाईट कळलं, की माणसं धावून येतात. मधल्या दिवसांत कुणी येत नाही, आणि आपणही कुणाकडं जात नाही. म्हणतो, कळलं की बघू.

म्हणून सांगते, रिपोर्ट आल्यावर येते असं म्हणू नकोस. आधी ये. डॉक्टरांना विचार, प्रवास चालेल म्हणाले की ये. जावईबापूंना सुट्टी नसली तर एकटी ये, सुप्याच्या स्टँडवर उतर, मुलगा गाडी घेऊन येईल. इथं तुला कुणी काही विचारणार नाही असं खोटं सांगत नाही, गल्ली आमची तुला माहीत आहे. पण काय सांगायचं आणि काय नाही ते तुझं. मी मधे तोंड घालणार नाही. सून म्हणते, तिच्या खोलीत तुझी गादी घालते. तुम्ही दोघी बोला, नाहीतर नुसत्या पडून राहा. मी स्वयंपाकघरात ज्वारीच्या भाकरी करीन. येत्या शनिवारीच निघ बाई, वाट बघते.